नैवेद्याचं खोबरं आणि दोन आज्यांचा देव

पत्र थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. माहेर गंगाखेडकडचं, घरात माळ, वारी, एकादशी. सासर सैतवाळ जैन. लग्नाला दहा वर्षं झाली, मुलगा आठ वर्षांचा आहे.

“दोन महिन्यांपूर्वी ह्यांचा मोटारसायकलवर अपघात झाला. बारा दिवस दवाखान्यात होते. पहिल्या रात्री मी परळीच्या वैजनाथाला नवस बोलले, की हे घरी आले की आम्ही सगळे येऊ, अभिषेक करू. ते बरे होऊन आले. नवसाचं सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘त्याचं आयुकर्म शिल्लक होतं म्हणून वाचला. नवस म्हणजे मिथ्यात्व, आपल्यात नसतं.’ हे गप्प बसले. त्याच आठवड्यात मंदिरात मुलानं वाहिलेल्या खोबऱ्याचा तुकडा उचलला, तर आजीनं हातावर चापट मारली. घरी येऊन तो विचारतो, ‘गंगाखेडचा देव खोबरं देतो, मग इथला का देत नाही? इथली आजी म्हणते जग कुणीच केलं नाही. खरं कोण बोलतं?’ भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘जैन नास्तिकच असतात.’ सासूबाईंनी त्या बारा दिवसांत साखर आणि तूप सोडलं होतं, णमोकार मंत्राचा जप सारखा चालू होता, हेही सांगते. पण ऐकणारा कुणी नाहीच, तर हात जोडायचे कुणापुढे? मी माझा देव सोडायचा का?”

ताई, देव सोडायचा प्रश्न नंतर बघू. आधी त्या खोबऱ्याकडे येते, कारण तुमच्या मुलानं नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

माहेरी नैवेद्य कसा दाखवतात ते आठवा. ताटाभोवती पाणी फिरवायचं, तुळशीचं पान ठेवायचं, डोळे मिटायचे. देवानं तो घेतला असं आपण धरतो, आणि त्याचं उष्टं म्हणून उरलेलं सगळ्यांना वाटतो. समोर घेणारा आहे, म्हणून परत देणाराही आहे. प्रसाद हा शब्दच मुळी त्याच्या प्रसन्नतेचा. आता सासरचं मंदिर. जल, चंदन, अक्षत, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप आणि फळ अशी आठ द्रव्यं एकेक मंत्र म्हणून वाहतात. नैवेद्याच्या मंत्रात शब्द येतात ‘क्षुधारोगविनाशनाय’. म्हणजे भूक हाच एक रोग आहे, तो कायमचा जावा म्हणून हे अन्न मी इथं ठेवून देतो. समोर जो बसला आहे तो वीतराग. त्याला भूक नाही, आवड नाही, राग नाही. तो घेत नाही, म्हणून परतही देत नाही. भुकेचा रोग जावा म्हणून जे सोडलं तेच उचलून तोंडात टाकलं, तर त्या पूजेत राहिलं काय?

आजीची चापट ह्यासाठी होती. चापट मारायला नको होती, हे मात्र मी म्हणेनच. आठ वर्षांच्या पोराला हात धरून बाजूला नेऊन सांगता आलं असतं.

तुमची सगळी अडचण ह्या एका तुकड्यात आहे. दोन्ही घरांत ‘देव’ हा एकच शब्द वापरतात आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. गंगाखेड जनाबाईचं गाव. तिच्यासोबत जात्याला हात लावणारा, तिच्या गोवऱ्या उचलणारा विठोबा तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. हाक मारली की धावत येणारा, खाली उतरणारा देव. अवतार ह्या शब्दाचा अर्थच उतरणं. जैनांचा देव उतरत नाही, तो वर जातो. तोही कधीकाळी तुमच्याआमच्यासारखाच कर्मांत अडकलेला जीव होता. त्यानं राग, लोभ, मोह जिंकले म्हणून तो जिन झाला. देह असेपर्यंत अरिहंत, देह सुटल्यावर सिद्ध. सिद्ध लोकाच्या माथ्यावर, सिद्धशिलेवर कायमचा, आणि असे सिद्ध अनंत आहेत. तुमच्या मुलाचा जीव तिथं पोचू शकतो, असं त्याची आजी मनापासून मानते. णमोकार नीट ऐका. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि जगातले सगळे साधू, ह्यांना नमस्कार आहे, पण एकाही व्यक्तीचं नाव नाही आणि कुठलंही मागणं नाही.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. जैन ग्रंथांत कर्मानं देवजन्म मिळालेले देवही असतात. त्यांचं आयुष्य फार मोठं, पण त्यांनाही मरण आहे, आणि मोक्षाला जायचं तर त्यांनाही माणसाचा जन्म घ्यावा लागतो. पार्श्वनाथांचे सेवक मानले जाणारे पद्मावती आणि धरणेंद्र ह्याच देवांतले. ‘देव-शास्त्र-गुरू’ म्हणतात त्यातला देव वेगळा, तो अरिहंत. त्यामुळे ‘तुमच्यात देव मानतात का?’ ह्या प्रश्नाला सासूबाई एका दमात हो आणि नाही दोन्ही म्हणू शकतील, आणि दोन्ही खरं असेल.

तुम्ही विचारता, ऐकणारा नाही तर हात कशाला जोडायचे? ह्या प्रश्नामागे एक गृहीत आहे, की प्रार्थना म्हणजे बोलणं, आणि बोलायचं तर पलीकडे कुणी ऐकणारा हवा. माहेरच्या भक्तीत ते खरंच आहे, त्यात काही चूक नाही. पण हात जोडण्याचं तेवढं एकच कारण असतं असं नाही. दिगंबर परंपरेतले मोठे आचार्य समंतभद्र ह्यांनी तीर्थंकरांच्या, म्हणजे जैनांच्या चोवीस जिनांच्या, स्तुतीत नेमका तुमचाच प्रश्न घेतला आहे. ते म्हणतात, ‘न पूजयार्थस्त्वयि वीतरागे’. तू वीतराग, तुला पूजेचं काय? तू वैर ओकून टाकलेलं, तुला निंदेचं काय? तरीही तुझ्या गुणांची आठवण आमचं मन मळापासून धुऊन काढो. नमस्कारानं बदल व्हायचा तो करणाऱ्यात. तुम्ही शिक्षिका आहात. वारलेल्या आपल्या गुरुजींच्या फोटोपुढे आपण उभे राहतो तेव्हा ते ऐकतील म्हणून उभे राहतो का? तरी वर्गात शिरताना पाठ जरा ताठ होतेच. सासूबाईंच्या नमस्काराची जात मला ह्याच्या जवळची वाटते.

भावाला मात्र स्पष्ट सांगा. आपल्याकडे दर्शनांच्या वाटणीत नास्तिक म्हणत ते वेदांचं प्रामाण्य न मानणाऱ्याला. त्या अर्थानं जैनांना नास्तिक म्हटलं गेलं आहे, हे खरं. पण आत्मा, पुनर्जन्म, कर्म आणि मोक्ष हे सगळं मानणाऱ्या माणसाला आज रस्त्यावरच्या अर्थानं नास्तिक म्हणणं चूक आहे, आणि घरच्या माणसाबद्दल बोलताना ते लागतंही. शिवाय पूर्वमीमांसा वेद मानते, म्हणून आस्तिक. जगाचा कर्ता ईश्वर मात्र ती मानत नाही. जुनं सांख्यही कर्त्याविना जग मांडतं. म्हणजे जगाला कर्ता नाही हे म्हणणं भावाच्या स्वतःच्या वाड्यातही शतकानुशतकं राहत आलं आहे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी विचारतं, की ही सृष्टी कुठून झाली ते वर बसलेल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.

‘आमचा देव’ म्हणताना तुम्ही तो एकसारखा धरता, तोही तसा नाही. सगुण म्हणावं की निर्गुण, असं ज्ञानदेव गोविंदालाच विचारतात. तुमच्याच घरी वारीतला विठ्ठल, कुलस्वामिनी आणि परळीचा वैजनाथ शेजारी शेजारी नांदतात, आणि कुणाला काय मागायचं हे आजीला बरोबर कळतं. आणि नवसाचं म्हणाल, तर ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’ हे तुकोबांनी विचारलं आहे. नवसावर पहिला आक्षेप तुमच्या सासूबाईंचा नाही.

आता मुलाचा प्रश्न. जग कुणी केलं? कृपा करून ‘सगळे देव एकच रे’ असं म्हणून त्याला वाटेला लावू नका. हे उत्तर प्रेमळ वाटतं, पण मुलाला कळतं की आपल्याला टाळलं. शिवाय ते खरंही नाही. जगाला कर्ता आहे की नाही ह्यावर आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं कडकडून वाद घातला, आणि तो वाद मुलाला मडक्यावरून सांगता येतो. न्यायदर्शनवाले म्हणाले, मडकं आहे तर कुंभार असणार, तसं जग आहे तर करणारा असणार. नवव्या शतकातले जैन आचार्य जिनसेन आदिपुराणात उलट विचारतात, करण्याआधी तो कर्ता कुठं होता? माती कुठून आणली? तीही त्यानंच केली म्हणाल तर ती कशातून? त्यापेक्षा जीव, पुद्गल म्हणजे जड वस्तू, आकाश, काळ हे सगळं अनादी आहे आणि आपापल्या स्वभावानं बदलत राहतं. वेदान्ती उपनिषदातला कोळी दाखवतात. कोळ्याला जाळ्यासाठी सूत बाहेरून आणावं लागत नाही, ते त्याच्याच पोटातून निघतं, तसं ब्रह्मातून जग. कुंभार, अनादी माती आणि कोळी, ह्या तिन्ही गोष्टी आठ वर्षांच्या पोराला कळतात. पुढच्या रविवारी तो चौथी काढून आणेल, तीही ऐका.

कर्माचंही असंच. दोन्ही घरांत ‘कर्माचं फळ’ म्हणतात, पण माहेरी ते फळ देणारा ईश्वर आहे. त्याच्या मनात दया आली तर काही सुटही मिळते, म्हणून तर आपण विनवतो. सासरी कर्म म्हणजे जिवाला चिकटलेली अगदी सूक्ष्म धूळच, आणि ती पिकली की फळते. मिरची खाल्ली की तोंड पोळतं, त्याला निकाल देणारा न्यायाधीश लागत नाही. कर्मं आठ प्रकारची, त्यातलं एक आयुकर्म, म्हणजे ह्या देहात किती राहायचं ते ठरवणारं. सासूबाई जे म्हणाल्या ते तुमच्या कानाला कोरडं लागलं. ‘माझ्या रात्रभराच्या रडण्याचं काहीच नाही का?’ असं वाटलं असणार. कुणालाही वाटेल. पण त्यांच्या तोंडी ते वाक्य पोराचा जीव वाचल्याच्या सुटकेचं होतं, तुमच्या नवसावरचा शेरा त्यामागून आला.

आणि पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहून गेलात. सासूबाईंनी बारा दिवस साखर आणि तूप सोडलं होतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पोटचा मुलगा दवाखान्यात, आणि ही बाई बिनसाखरेचा चहा पिते. ‘अमुक दे, मग मी अमुक करीन’ असं कुणाशीही न बोलता. तो नवसच होता असं मी म्हणणार नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. त्यांच्या लेखी तो नियम होता, तप होतं, त्यानं कर्माची निर्जरा होते, म्हणजे चिकटलेलं कर्म झडून जातं. तुम्ही वैजनाथाशी बोललात, त्यांनी जिभेला आवर घातला. दोघी एकाच कॉटजवळच्या.

मिथ्यात्व, म्हणजे खोटी श्रद्धा, हा शब्द कडक आहे, तो मी गोड करून सांगणार नाही. जैन आचारग्रंथांत देवमूढता म्हणून एक दोष सांगितला आहे. वर मिळावा ह्या आशेनं, राग-द्वेष असलेल्या देवतांची उपासना करणं म्हणजे ती. आक्षेप देवतांच्या रागद्वेषावर आहे आणि मागण्यावरही आहे. तो मागणाऱ्या जैनालाही तितकाच लागतो. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथाकडे मनात इच्छा घेऊन जाणारे कमी नसतात, आणि पद्मावतीची ओटी भरणाऱ्या बायकाही तुम्ही पाहिल्या असतील. माणूस घाबरला की मागतो. ग्रंथ काय म्हणतो आणि घाबरलेली आई काय करते, ह्यात दोन्ही घरांत अंतर असतं. हे सासूबाईंना सुनावण्यासाठी वापरू नका. तुमच्या मनातला ‘त्या पक्क्या, मी कच्ची’ हा सल तेवढा काढा.

मराठवाड्यात हे अंतर नवं नाही. वेरूळचं कैलास लेणं कोरवलं ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात, आठव्या शतकात. त्याच घराण्यातला अमोघवर्ष पुढे जिनसेनांचा भक्त झाला, म्हणजे जग कुणी केलं नाही म्हणणाऱ्या गुरूचा शिष्य. आणि संजानच्या ताम्रपटात त्याच अमोघवर्षाबद्दल लिहिलं आहे, की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपलं डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं. ह्यावर इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. मला त्यात तुमचं घर दिसतं.

म्हणून म्हणते, सुट्टीत मुलाला वेरूळला न्या, जमलं तर दोन्ही आज्यांना घेऊन. आधी सोळा नंबरच्या कैलासात रावण कैलास पर्वत हलवतो ते शिल्प दाखवा. पर्वत डुलतोय, पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, आणि शंकर नुसत्या पायाच्या दाबानं रावणाला खाली दाबतो. पुढे रावण स्तुती करतो आणि देव त्याच्यावर प्रसन्नही होतो. मग पुढची जैन लेणी, तीस ते चौतीस. बत्तीस नंबरच्या इंद्रसभेत पार्श्वनाथ उभे आहेत. त्यांच्यावर वैरी तुटून पडलाय, डोक्यावर नागाची फणा धरलेली आहे, आणि ते काहीच करत नाहीत. पापणीही हलत नाही. जवळच बाहुबली, पायांवर वेली चढल्यात तरी स्थिर. हल्ला शंकरावरही झाला आणि पार्श्वनाथांवरही. एकानं अंगठा दाबला, दुसऱ्यानं बोटही हलवलं नाही. मुलाला काही समजावू नका, फक्त विचारा, ‘तुला काय वेगळं दिसतं?’ मी इथं तीन परिच्छेद लिहून जे सांगितलं ते तो पाच मिनिटांत पाहील.

राहता राहिला नवस. तीन वाटा दिसतात. सगळ्यांना ओढून परळीला न्यायचं, ही पहिली. त्यात नवरा आणि सासू मन मारून पिंडीपुढे उभे राहतील, आणि तसा नमस्कार वैजनाथालाही नको असेल. नवस सोडून द्यायचा, ही दुसरी. मग पुढे घरात कुणाला साधा ताप आला तरी ‘नवस राहिला म्हणून’ हे तुमच्या मनात येईल, आणि तुम्ही सासूला दोष द्याल. तिसरी मला पटते. नवस तुमचा आहे, तुम्ही फेडा. ‘आम्ही सगळे येऊ’ असं तुम्ही बोललात, पण दुसऱ्याच्या वतीनं देवाला शब्द देण्याचा हक्क आपल्याला नसतो. ते तेवढं वैजनाथापुढे सांगून टाका, तो ऐकणारा देव आहे असं तुम्हीच मानता ना. आई-भावाला सोबत घ्या. नवरा नुसता सोबतीला आला, बाहेर पायरीवर बसला, तरी पुरे.

पण चोरून जाऊ नका. सासूबाईंना जायच्या आधी सांगा, आणि साखरेपासून सुरुवात करा. ‘आई, तुम्ही ते बारा दिवस नियम धरला होतात, मी पाहत होते. मीही माझ्या परीनं एक शब्द दिला होता. तो पुरा करून येते. तुम्ही यायलाच हवं असं नाही.’ वाद घालू नका. त्या पुन्हा मिथ्यात्व म्हणाल्या तर म्हणू द्या, तो त्यांचा धर्म आहे. परळीहून येताना प्रसाद आणाल तो त्यांच्या हातावर ठेवू नका, डब्यात ठेवा आणि सांगा. आणि त्या सकाळी भक्तामर स्तोत्र म्हणत असतील तर एक दिवस शेजारी बसून पंचविसावा श्लोक ऐका. ‘त्वं शंकरोऽसि भुवनत्रयशंकरत्वात्.’ तिन्ही लोकांचं कल्याण करतोस म्हणून तूच शंकर, असं पहिल्या तीर्थंकरांना, आदिनाथांना म्हटलं आहे. त्यांचा शंकर तुमचा वैजनाथ नव्हे. पण तो शब्द त्यांच्याही तोंडी रोज आहे.

अशी पत्रं मला लिंगायत घरात दिलेल्या वारकरी मुलींची येतात, महानुभाव घरातल्या सुनांचीही येतात. सगळ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. मुलाशी बोलताना ‘आपला देव’ आणि ‘त्यांचा देव’ हे शब्द काढून टाका. ‘गंगाखेडला असं मानतात, इथं असं मानतात’ इतकंच म्हणा. त्याला पंच करू नका, निकाल मागू नका. जिथं जाऊ तिथली रीत पाळायची, हे मुलं सहज शिकतात, कारण घराघरातल्या रीती त्यांना पाठ असतात. एकादशीला माहेरी रताळं चालतं आणि सासरी उपवासात कंदमुळाचं नावही काढत नाहीत, हे तुमच्या मुलाला आत्ताच ठाऊक असेल. आणि ‘मला माहीत नाही, मीपण विचार करतेय’ हे वाक्य आईच्या तोंडी शोभतं.

इथल्या आजीला एक काम द्या. कुंथलगिरीची गोष्ट त्याला सांगायला लावा. धाराशिव जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर कुलभूषण आणि देशभूषण हे दोन मुनी मोक्षाला गेले, आणि त्यांच्यावर उपसर्ग, म्हणजे तपात छळ, झाला तेव्हा तो दूर करायला राम-लक्ष्मण धावून आले, अशी जैन परंपरेतली कथा आहे. गंगाखेडच्या आजीकडून ऐकलेला राम त्याला तिथं वेगळ्या कामात भेटेल, आणि तो रात्री दोघींना फोनवर बोलायला लावेल.

आणि मंदिरात जाताना दोन खोबऱ्याच्या वाट्या घेऊन जा. एक त्याच्या हातानं वाहायला. दुसरी पिशवीत राहू द्या, बाहेर आल्यावर फोडून त्याला द्या. आजीलाही एक तुकडा.